मोठ्या मत्स्यटाकीची घरगुती गाळणी

चार फूट लांबीची मत्स्यटाकी घरात सहसा एकदम येत नाही. आधी एखादी लहान काचपेटी येते, तीत दोन गोल्डफिश येतात, मुलांचा जीव त्यांवर जडतो, मासे वाढतात, आणि मग घरातील मंडळी मोठ्या टाकीचा विचार करू लागतात. टाकी, तिची घडवंची, दिवा, वाळू आणि मासे यांचा हिशेब जमून आला की दुकानदार सर्वांत शेवटी गाळणीचा आकडा सांगतो. तो ऐकून ‘ही गाळणी आपणच का करू नये?’ असा प्रश्न घरातील एखाद्या खटपट्या माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. प्रश्न रास्त आहे. मोठ्या टाकीची गाळणी घरी करता येते, ती थोड्या खर्चात होते, आणि नीट केली तर विकतच्या पुष्कळशा गाळण्यांहून सरस ठरते. मात्र ती करावयास बसण्यापूर्वी गाळणी म्हणजे काय, ही कल्पना स्वच्छ असावयास हवी. कारण बहुतेकांची फसगत येथेच होते आणि तिची किंमत माशांना द्यावी लागते.

चहा गाळावयाची ती गाळणी आपल्या डोळ्यांपुढे असते. पाण्यातला कचरा अडवला, पाणी आरशासारखे दिसू लागले, की काम झाले असे आपण समजतो. पण नव्या टाकीत पुढे काय घडते ते पाहा. पहिला आठवडा आनंदात जातो. पाणी इतके निर्मळ असते की पाहुणे कौतुक करतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, त्यांचे कल्ले भराभर हलतात, अन्नावर वासना राहत नाही, आणि एकामागून एक ते मरतात. पाणी अजूनही तसेच निर्मळ असते! मग दुकानदाराने रोगट मासे दिले असे म्हटले जाते, नळाच्या पाण्याला दोष दिला जातो, कोणी दृष्ट लागल्याचेही बोलून दाखविते. नवे मासे आणले जातात आणि तोच प्रकार पुन्हा घडतो.

त्या निर्मळ पाण्यात जे विरघळलेले असते ते डोळ्यांना दिसत नाही आणि कोणत्याही कापडातून गाळले जात नाही. त्याचे नाव अमोनिया. माशाने खाल्लेल्या प्रथिनांतील नत्राचा बराचसा भाग अमोनियाच्या रूपाने त्याच्या कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो; उरलेसुरले अन्न कुजून त्यात भर पडते. नदी-तळ्यांत हा अमोनिया अफाट पाण्यात पांगून जातो. टाकीत तो साठत राहतो.

किती साठतो, याचा हिशेब कोणासही करता येईल. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीचे आकारमान ९ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर. काठाखाली सोडलेली जागा आणि तळची वाळू वजा जाता पाणी २२५ लिटरांच्या आसपास धरावे. रोज ५ ग्रॅम खाद्य घातले आणि त्यात शेकडा ३५ भाग प्रथिने असली, तर त्यापासून रोज साधारण १५० मिलिग्रॅम अमोनियायुक्त नत्र पाण्यात येतो, म्हणजे दर लिटरमागे मिलिग्रॅमच्या दोन तृतीयांश. चार दिवसांत हा आकडा अडीच मिलिग्रॅमांच्या वर जातो. त्यातला घातक भाग किती, हे पाण्याच्या पी.एच.वर अवलंबून असते. पी.एच. ७ असेल, म्हणजे पाणी आम्लही नाही आणि अल्कधर्मीही नाही अशा स्थितीत, आपल्याकडील उष्ण हवेत या अमोनियाचा शंभरातील एक भागसुद्धा विषारी स्वरूपात नसतो. पी.एच. ८ झाला की पाच ते सात भाग विषारी होतात आणि ९ वर गेला की तीस-चाळीस भाग. शेजाऱ्याच्या टाकीत जे चालते ते आपल्या टाकीत का चालत नाही, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते. आजारी दिसणाऱ्या माशांना ‘ताजे’ पाणी मिळावे म्हणून कोणी कूपनलिकेचे अल्कधर्मी पाणी ओततो आणि तासाभरात मासे उताणे होतात, त्याचेही कारण हेच.

या अमोनियाचा बंदोबस्त कसा होतो याचा शोध मत्स्यटाकीच्या निमित्ताने लागलेला नाही. १८७७ साली श्लेझिंग आणि म्युन्त्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी सुमारे १ मीटर लांबीची काचेची नळी वाळूने व चुनखडीच्या कणांनी भरली आणि तीतून गटाराचे पाणी थेंबथेंब झिरपू दिले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. वरून पडणारा अमोनिया खालून तसाच बाहेर येत होता. त्यानंतर मात्र अमोनिया नाहीसा होऊन त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. हे काम वाळूचे असते तर पहिल्याच दिवशी व्हावयास हवे होते. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडले. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावर थोडी ताजी माती मिसळलेले पाणी घातले. काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झाले. वाळूवर काहीतरी सजीव राहत होते, यात मग शंका उरली नाही. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास ते सूक्ष्मजंतू वेगळे काढून दाखविले. काही जंतू अमोनियापासून नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटपासून नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांस मारक. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी.

हा अभ्यास अजून संपलेला नाही, आणि त्यात मत्स्यटाक्यांचा वाटाही आहे. अमेरिकेतील सिॲटल येथील मत्स्यालयाच्या एका समुद्री टाकीतून मिळालेला, अमोनियावर जगणारा आणि नेहमीच्या जंतूंहून अगदी वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव २००५ साली जगापुढे आला. दोन्ही पायऱ्या एकट्यानेच चढणारे जंतू २०१५ साली सापडले. त्यांतले काही मत्स्यसंवर्धनाच्या पाण्यासाठी केलेल्या ठिबक-गाळणीतच मिळाले. आपण घरी जी गाळणी बांधणार आहोत ती त्याच जातीची.

तेव्हा आपल्याला बांधावयाची आहे ती या जंतूंची वस्ती. त्यांना तीन गोष्टी लागतात: चिकटून बसण्यास पृष्ठभाग, भरपूर प्राणवायू आणि अखंड वाहते पाणी. कचरा अडविणे हे गाळणीचे दुय्यम काम आहे, आणि तेही मुख्यतः एवढ्यासाठी की कचऱ्याने वस्तीच्या वाटा बुजू नयेत.

मोठ्या टाकीला जोडावयाच्या घरगुती गाळण्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एकीत टाकीचे पाणी काठावरून खालच्या दुसऱ्या टाकीत उतरते, तेथे शुद्ध होते आणि पंपाने वर येते. ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८७१ साली प्रेक्षकांच्या टाक्यांखाली मोठा अंधारा पाणीसाठा ठेवून पाणी सतत फिरते ठेवले होते. दुसऱ्या प्रकारात पंप टाकीतच असतो. तो पाणी वरच्या पेट्यांत चढवितो आणि तेथून ते आपोआप ठिबकत टाकीत परत येते.

पहिला प्रकार दिसावयास नेटका, पण त्यात पाणी घरभर होण्याच्या दोन वाटा आहेत. वीज गेली की टाकीच्या काठापर्यंतचे आणि नळ्यांतील पाणी खाली उतरते. आपल्या टाकीचे तोंड ६ चौरस फुटांचे आहे. पाण्याची पातळी एका इंचाने उतरली तरी १४ लिटर पाणी खाली येते. तेवढी जागा खालच्या टाकीत रिकामी नसेल तर ते जमिनीवर जाईल. उलट, वरून खाली येणारी नळी शेवाळाने किंवा एखाद्या गोगलगायीने बुजली तर पंप वर पाणी चढवीतच राहतो आणि वरची टाकी ओसंडते. काचेला भोक पाडलेले नसेल आणि पाणी काठावरून वक्रनलिकेने आणलेले असेल, तर नळीत हवा शिरून ती थांबण्याचे भय आणखी निराळे. ज्यांची टाकी पाचशे लिटरांहून मोठी आहे आणि जे काचेला भोक पाडून घेण्यास तयार आहेत, त्यांनी या वाटेने जरूर जावे. पण वीज बंद करून आणि खाली उतरणारी नळी हाताने बुजवून, अशा दोन्ही परीक्षा मासे सोडण्यापूर्वी घ्याव्यात. इतर सर्वांस माझी शिफारस वरच्या ठिबक-गाळणीची आहे. ती दिसावयास थोडी ओबडधोबड, पण आपल्या देशातील विजेच्या लहरीला ती अधिक मानवते. ते कसे, हे पुढे येईलच.

सामान साधेच लागते. सज्जात फुलझाडे लावण्यासाठी प्लास्टिकच्या लांबट कुंड्या मिळतात; सुमारे ६० सेंटीमीटर लांब, २० रुंद आणि १५ ते १८ खोल अशा तीन घ्याव्यात. त्या नव्या असाव्यात. रंगाचे, तेलाचे किंवा औषधाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी घेऊ नयेत. कुंड्या एकावर एक बसतील अशी लोखंडी अँगलची किंवा लाकडाची घडवंची टाकीच्या मागे किंवा बाजूला स्वतंत्र उभी करावी. टाकीच्या काचांवर हा भार मुळीच टाकू नये. भरलेल्या कुंड्यांचे वजन पन्नास किलोंपर्यंत जाऊ शकते, आणि काचेचा काठ त्यासाठी केलेला नसतो. घडवंची जमिनीवर डळमळत नाही आणि लहान मूल लोंबकळले तरी कलंडणार नाही, अशी भिंतीला जखडावी. सर्वांत खालची कुंडी टाकीच्या काठाहून चार-पाच बोटे उंच यावी, म्हणजे पाणी स्वतःच्या भाराने परत येईल.

वरच्या दोन कुंड्यांच्या तळाला ५ ते ६ मिलिमीटरची भोके तीन-चार सेंटीमीटरांच्या अंतराने पाडावीत. तापविलेल्या खिळ्याने पाडली तर प्लास्टिकचा धूर नाकात जातो, हातड्रिल उत्तम. खालच्या कुंडीच्या तळाशी एकच मोठे भोक, त्यात सव्वा इंची पी.व्ही.सी. नळी बसवावी आणि ती टाकीत सोडावी. नळीचे तोंड पाण्यात जेमतेम बुडालेले असले की धबधब्याचा आवाज होत नाही. रात्री त्या आवाजाने झोपमोड झाली की घरातील मंडळी गाळणीच्या विरुद्ध जातात, आणि मग तिचे आयुष्य फार नसते. सांधे सिलिकोनने बंद करावेत. ओले असताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे साधे सिलिकोन घ्यावे; बुरशीनाशक घातलेले, न्हाणीघरासाठीचे म्हणून विकतात ते माशांस घातक असते. लावल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे.

सर्वांत वरच्या कुंडीच्या एका बाजूला, काठाखाली दोन बोटांवर, १ इंची नळी आडवी बसवून तिचे दुसरे टोक टाकीत सोडावे. ही संकटमार्गाची नळी. वरची कुंडी कचऱ्याने बुजली आणि पाणी चढू लागले, तर ते जमिनीवर न सांडता या नळीने टाकीत जाईल. तीतून पाणी वाहताना दिसले, म्हणजे सफाईची वेळ झाली असे समजावे. एवढ्या एका नळीने किती घरांच्या सतरंज्या वाचतील!

आता आतले भरण. वरच्या कुंडीत फोमचा दोन बोटे जाड तुकडा आणि त्यावर उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कृत्रिम कापूस पातळ पसरावा. हे कचरा अडविण्यासाठी. सुवास लावलेला किंवा जंतुनाशक प्रक्रिया केलेला फोम नको. वस्ती वसवावयाची आणि दारातच विष ठेवावयाचे, असे होईल. मधल्या आणि खालच्या कुंडीत वस्तीचे सामान. येथे लोक महागडे सिरॅमिकचे तुकडे आणतात. ते चांगले असतात, पण अडून बसण्याचे कारण नाही. जुन्या मंगळुरी कौलांचे तुकडे हे उत्तम साहित्य आहे. भाजलेली सच्छिद्र माती, पाण्यात न विरघळणारी, आणि दगडापेक्षा हलकी. चुना किंवा रंग लागलेली कौले टाळून, उरलेली फोडून, बोराएवढे तुकडे करावेत, माती निघून जाईपर्यंत धुवावेत आणि उकळत्या पाण्यातून काढावेत. सुमारे २ सेंटीमीटर जाडीच्या तुकड्यांनी १० लिटरची बादली भरली तर त्यांचा एकूण पृष्ठभाग पावणेदोन चौरस मीटरांच्या आसपास भरतो. आपल्या हिशेबातील ५ ग्रॅम खाद्यासाठी अशा दोन बादल्या पुष्कळ झाल्या. कौले न मिळाली तर विजेच्या तारा घालावयाच्या पी.व्ही.सी. नळीचे बोटभर तुकडे करावेत, किंवा भांडी घासावयाच्या प्लास्टिकच्या घासण्या सैल करून भराव्यात. तारेच्या घासण्या मात्र कदापि नकोत. तांबे, पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड यांचा पाण्याशी संबंध येऊ देऊ नये. माशांना त्यांचे अल्प प्रमाणही सोसत नाही. खालच्या कुंडीत तुकडे थेट तळावर न ठेवता प्लास्टिकच्या जाळीवर ठेवावेत, म्हणजे पाणी खालून मोकळे वाहून जाईल आणि तुकडे पाण्यात बुडून न राहता नुसते ओले राहतील.

हे ‘नुसते ओले राहणे’ फार महत्त्वाचे आहे. १ मिलिग्रॅम अमोनियायुक्त नत्राचे नायट्रेट करण्यास जंतूंना साडेचार मिलिग्रॅमांहून अधिक प्राणवायू लागतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मुळातच थोडा, आणि पाणी जितके उष्ण तितका तो कमी. नागपूरच्या मे महिन्यात ३२ अंशांच्या पाण्यात मासेच कसेबसे श्वास घेतात. तेथे बंद डब्याच्या गाळणीतील जंतूंच्या वाट्याला काय येणार? ठिबकणाऱ्या पाण्याची पातळ चादर मात्र हवेतून प्राणवायू सतत घेत असते आणि टाकीत परतताना माशांसाठीही थोडा घेऊन येते.

पंप विकत घेताना डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. तो आकडा पाणी मुळीच वर न चढविता मिळणारा असतो. दोन-तीन फूट चढविले की बराच घटतो. टाकीचे पाणी तासाला चार ते पाच वेळा फिरावे, म्हणजे आपल्याला तासाला १००० लिटर प्रत्यक्ष वर पोहोचावयास हवेत. परीक्षा सोपी आहे: वरच्या कुंडीच्या उंचीवर नळी धरून १० लिटरची बादली भरण्यास किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. ३६ सेकंदांत भरली तर पंप बरोबर तेवढा आहे. पाणी कुंडीत एकाच जागी पडू न देता, भोके पाडलेली आडवी नळी वर बसवून सर्वत्र शिंपडावे. नाहीतर ते एकाच वाटेने खाली जाते आणि अर्धी वस्ती कोरडी राहते.

पंप टाकीच्या तळाशी ठेवण्याचा मोह होतो, कारण कचरा तेथे असतो. तो आवरावा. समजा आपण गावाला गेलात आणि वरच्या एखाद्या नळीचा सांधा सुटला. तळाचा पंप सगळी टाकी जमिनीवर रिकामी करील. तोच पंप पाण्याच्या पृष्ठभागाखाली सहा इंचांवर टांगलेला असेल, तर पाणी तेवढेच उतरेल आणि माशांना अर्ध्याहून अधिक पाणी शिल्लक राहील. मात्र पंप कोरडा पडला की तो जळण्याचा संभव असतो. मासे वाचले आणि पंप गेला, हा सौदा वाईट नाही. पंपाच्या तोंडावर फोमची टोपी चढवावी, म्हणजे पिले आत ओढली जाणार नाहीत. तळाचा कचरा आठवड्यातून एकदा नळीने ओढून काढता येतो.

विजेविषयी चालढकल चालणार नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी पंपाचे बटण बंद करून प्लग काढावा, हा नियम घरातील लहानथोरांस सारखाच. प्लगकडे जाणारी वायर आधी प्लगच्या खाली झोळासारखी लोंबू द्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडते आणि प्लगपर्यंत चढत नाही. गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. त्या जोडणीवर असावयासच हवा. घरात तो नसेल तर गाळणीच्या आधी तो बसवावा. कूलरचे स्वस्त पंप पुष्कळजण वापरतात. त्यांची बांधणी पाण्यात अहोरात्र बुडून राहण्याजोगी आहे की नाही याची खात्री नसते, म्हणून त्यांच्या वाटेस जाऊ नये.

गाळणी उभी राहिली, पाणी ठिबकू लागले. येथून पुढचे काम सर्वांत कठीण, कारण त्यात करण्यासारखे काही नसते. साधे जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. आपल्या या जंतूंना त्यासाठी आठ तासांपासून एक दिवस, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. त्या फ्रेंच नळीतले वीस दिवस आठवावेत. टाकीत मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य घालीत जावे. ते कुजून अमोनिया होईल आणि जंतूंना अन्न मिळेल. ओळखीच्या कोणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या गाळणीतला एखादा फोम मागून आणावा आणि आपल्या वरच्या कुंडीत पिळावा. तो गढूळ, तपकिरी काढा दिसावयास घाणेरडा, पण दह्यासाठी शेजारणीकडून विरजण आणावे तसाच त्याचा उपयोग. वाट पाहण्याचा काळ त्याने पुष्कळ घटतो. वाटेत तो वाळू देऊ नये आणि नळाच्या पाण्याने धुऊ नये.

अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे थेंबांचे संच दुकानांत मिळतात. गाळणीवर जो पैसा वाचला त्यातला थोडा येथे अवश्य खर्चावा. प्रथम अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढते, शेवटी तेही उतरते. दोन्हींचे आकडे शून्यावर येऊन सलग काही दिवस तेथेच राहिले, म्हणजे वस्ती वसली. आपल्याकडील उबदार हवेत यास साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. उत्तरेकडील थंडीत अधिक. मुले रोज विचारतील, ‘मासे कधी आणायचे?’ त्यांच्याच हाती तो संच देऊन आकडे वहीत मांडावयास सांगावे. रंग बदलताना पाहण्यात त्यांचे दिवस बरे जातात. मासे आणावयाचे तेही एकदम न आणता दोन-तीन, मग दहा-पंधरा दिवसांनी आणखी दोन-तीन, असे आणावेत. वस्ती अन्नाच्या मानाने वाढते, आणि एकाएकी दुप्पट झालेले अन्न तिला पचत नाही.

मासे आधीच घरात असतील आणि नायट्राइट चढले असेल, तर ते माशाच्या रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. अशा वेळी दर १० लिटर पाण्यास १ ग्रॅम साधे मीठ विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरणाऱ्या नायट्राइटची वाट अडविते. त्याबरोबर खाद्य बंद करून रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे. हा तात्पुरता उपाय आहे, पण त्याने जीव वाचतात.

पाण्याचा गुण प्रांतोप्रांती निराळा. दख्खनच्या पठारावरील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. तेथे जंतू सुखात असतात, पण अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून सुरुवातीचे आठवडे विशेष जपावेत. कोकणात आणि केरळात पुष्कळ ठिकाणी पाणी मऊ असते. तेथे संकट निराळे. जंतू आपले काम करताना पाण्यातील आम्ल शोषणारे क्षार खातात. ते संपले की पाणी आम्ल होत जाते आणि वस्तीचे काम मंदावते. अशा ठिकाणी मूठभर स्वच्छ शिंपल्यांचे तुकडे किंवा संगमरवराची खडी जाळीच्या पिशवीत घालून खालच्या कुंडीत ठेवावी. ती जरूर पडेल तसतशी विरघळत राहते. नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीन माशांप्रमाणेच जंतूंनाही मारतो. बदलावयाचे पाणी उघड्या पिंपात एक दिवस राहू द्यावे, किंवा माशांच्या दुकानांत मिळणारे हायपोचे खडे सांगितलेल्या मापाने घालावेत. कूपनलिकेचे ताजे पाणीही तसेच रात्रभर हवेत राहू द्यावे. त्यात प्राणवायू फार थोडा असतो.

आता विजेची गोष्ट. बंद डब्याच्या गाळणीतले पाणी वीज जाताच स्तब्ध होते. आतले जंतू त्या पाण्यातला प्राणवायू थोड्याच वेळात संपवितात आणि मरू लागतात. काही तासांनी वीज आली की ते सडके पाणी एकदम टाकीत येते. आपल्या ठिबक-गाळणीत पंप थांबला की पाणी खाली उतरून जाते, तुकडे ओले आणि हवेत राहतात, जंतू श्वास घेत राहतात. वीज फार वेळ आली नाही तर दर अर्ध्या तासाने एक तांब्या टाकीतलेच पाणी वरच्या कुंडीत ओतावे. दिवसभर वस्ती तग धरते. तेच पाणी ठिबकत परत येताना माशांनाही थोडा प्राणवायू देते. त्या दिवशी माशांना खाद्य देऊ नये. धडधाकट मासा एक दिवस उपाशी राहिल्याने काही होत नाही. न खाल्लेले खाद्य मात्र थांबलेल्या पाण्यात कुजते.

सफाई हा शेवटचा विषय, आणि येथे अति स्वच्छतेची हौस नडते. दिवाळीला घर झाडावे तशी सगळी गाळणी उपसून, साबणाने घासून, उन्हात वाळवून पुन्हा भरणारे लोक आहेत. आठ दिवसांत त्यांची टाकी नव्या टाकीसारखी धोक्याची होते. वरचा कापूस आठवड्याने बदलावा. फोम टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळून परत ठेवावा. कौलांच्या तुकड्यांना पाणी मोकळे वाहत असेतो हात लावू नये. गाळ फार साचला तर वर्षातून एकदा, एका वेळी एकच कुंडी, तीही टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्यावी. तुकड्यांवर आलेला तपकिरी बुळबुळीत थर म्हणजेच ती वस्ती.

शेवटी साठणाऱ्या नायट्रेटसाठी आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे लागतेच. कोणतीही गाळणी ते काम पूर्णपणे वाचवीत नाही, विक्रेता काहीही सांगो. काढलेले पाणी झाडांना घालावे, त्यांना ते खतासारखे लागू पडते. खालच्या कुंडीत मनीप्लँटच्या फांदीची मुळे सोडून ठेवली तर तेही थोडे नायट्रेट उचलते आणि कुंड्यांचा ओबडधोबडपणा पानांआड झाकतो.

गाळणीचे झाकण अधूनमधून उचलून वास घ्यावा. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास असेल तर सर्व ठीक आहे. कुजक्या अंड्यांसारखा आला, तर कोठेतरी गाळाखाली हवा पोहोचत नाही. तेवढा थर त्याच दिवशी काढून टाकीच्या पाण्यात धुवावा आणि सैल करून परत भरावा.